फायबर होडीला नवा रंग: कोणता निवडावा, कसा लावावा

रंगाच्या दुकानात जाऊन 'होडीसाठी चांगला रंग दाखवा' म्हटलं की बहुतेक वेळा सगळ्यात महाग डबा समोर येतो. तो तुमच्या होडीला योग्य असेलच असं नाही. दुकानाची पायरी चढण्याआधी दोन गोष्टी स्वतः पाहून ठेवा. होडी रात्री कुठे असते, खाडीत नांगरलेली की पुळणीवर ओढलेली? आणि आज तिच्या अंगावर काय आहे, साच्यातून निघाली तेव्हाचा जेलकोट (फायबरवरचा मूळ चकचकीत रेझिनचा थर) की नंतर कोणी मारलेला रंग? पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या दोन उत्तरांवर ठरतात.

खालचं सगळं कोकण-गोव्याची हवा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे: खारं वारं, कडक ऊन आणि चार महिने पाऊस.

१. रंगाची खरंच गरज आहे का?

होडीच्या अंगावरून बोट फिरवा. पांढरी पूड लागली तर उन्हाने जेलकोटचा वरचा थर मेला आहे. पण जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि मेलेला थर त्यातला अगदी थोडा भाग असतो. हातभर जागेवर रबिंग कंपाउंड घासून पाहा. चमक परत आली तर रंगाचा विचार सोडा. सगळी होडी कंपाउंडने घासा, वर चांगलं वॅक्स लावा आणि पैसे वाचवा. एकदा रंग चढला की दर काही वर्षांनी खरवडणं आणि पुन्हा रंगवणं मागे लागतं, म्हणून वाचण्यासारखा जेलकोट वाचवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आधीच रंग असेल तर तो कोणता ते ओळखा. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी जुन्या रंगावर दहा मिनिटं टेपने चिकटवून ठेवा. रंग मऊ पडला किंवा सुरकुतला तर तो सिंगल पॅक आहे, म्हणजे एकाच डब्यातून थेट लावायचा. त्यावर टू पॅक, म्हणजे कडक करणारा हार्डनर मिसळून लावायचा रंग, लावता येत नाही, कारण टू पॅकचा जहाल थिनर खालचा रंग उचलून काढतो. मग एक तर जुना रंग पूर्ण काढा, नाहीतर पुन्हा सिंगल पॅकच लावा.

बूड नीट पाहा. तिथे फोड असतील तर फायबरमध्ये पाणी मुरलं आहे. फोड फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच, आतलं पाणी दाबाने उडतं आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. शंका असेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा बुडाला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दिवसभर ठेवा. आतून थेंब जमले तर होडी अजून ओली आहे. असे फोड उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, कित्येक आठवडे सुकू द्यावे लागतात. ओल्या बुडावर कितीही महाग रंग लावा, तो उठणारच.

२. वेळ निवडा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. होड्या वर ओढलेल्या असतात, हातही रिकामे असतात, आणि नारळी पौर्णिमेला होडी नवी दिसावी म्हणून जुलैअखेर रंग मारायची घाई होते. रंगासाठी याहून वाईट वेळ नाही. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगाला हात लावू नये असा सर्वसाधारण नियम आहे आणि आपल्या पावसाळ्यात ती दिवसचे दिवस त्याच्याही वर असते. टू पॅक पीयूचं (पॉलियुरेथेनचं) तर आणखी अवघड: त्याचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीच जुळतो, मग थरात बुडबुडे येतात आणि चमक मरते.

दिवाळीनंतर मेच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. ऐन हंगामात होडी बाहेर काढणं परवडत नसेल तर मे महिन्यात एक आठवडा आधी वर घ्या, रंग उरका, तो पक्का झाला की मग शाकारा. किंवा काम दोन भागांत करा: पावसाळ्यात छपराखाली खरवडणं आणि घासणं, शेवटचे हात ऑक्टोबरच्या उन्हात.

३. रंग निवडा

रोज वाळूवरून ओढली जाणारी, जेट्टीला घासणारी कामाची होडी असेल तर साधा सिंगल पॅक रंग घ्या, मरीन एनॅमल किंवा सिंगल पॅक पॉलियुरेथेन. त्याची चमक टू पॅकइतकी टिकत नाही, पण ओरखडा पडला तर ब्रशने अर्ध्या तासात बुजवता येतो. अशा होडीला टू पॅक लावणं म्हणजे पैसे वाळूत घासणं आहे.

पर्यटकांची बोट किंवा हौसेची बोट, जिचं अंग वर्षानुवर्षं चकचकीत दिसायला हवं, तिला टू पॅक पीयू शोभतो. घेताना एक गोष्ट अडवून विचारा: हार्डनर अ‍ॅलिफॅटिक आहे का? फर्निचरसाठी मिळणाऱ्या पीयूत बरेचदा अ‍ॅरोमॅटिक हार्डनर असतो. तो घरात चालतो, उन्हात काही महिन्यांत पिवळा पडतो. आणि हा रंग पाणरेषेच्या वरच लावायचा. होडी कायम पाण्यात राहणार असेल तर बुडाला लावलेला पीयू फुगतो.

इपॉक्सी फार घट्ट धरते, पण उन्हात तिची पूड होते. म्हणून ती प्रायमर म्हणून खाली, वर दुसरा रंग. जुन्या होडीवर रोलरने नवा जेलकोट मारायचा सल्ला फायबरच्या कारखान्यात मिळेल. साच्यात तो छान बसतो. बाहेरून लावला की संत्र्याच्या सालीसारखा येतो आणि सगळा पुन्हा घासून पॉलिश करावा लागतो. छोट्या दुरुस्तीपुरताच वापरा.

कायम पाण्यात राहणाऱ्या बुडाला अँटिफाउलिंग (समुद्री जीव चिकटू न देणारा रंग) हवंच, नाहीतर शेवाळ आणि बार्नेकल चढतात, होडी जड होते, इंधन जास्त जळतं. रोज वर ओढायच्या होडीला त्याचा उपयोग नाही, वाळूने ते खरवडून जातं. हल्लीच्या बहुतेक अँटिफाउलिंगमध्ये तांब्याचं संयुग असतं. पूर्वी ट्रायब्युटिल टिन हे कथलाचं विषारी संयुग वापरत. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात १९७० च्या दशकात त्यामुळे कालवांची पैदास कोसळली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींसाठी ते थांबवलं, आणि २००८ मध्ये त्यावरची आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली. कुठे जुना डबा स्वस्तात मिळाला तर घेऊ नका. तांब्याचा रंग आउटबोर्डच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पायाला लावू नका, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

छटा शक्यतो फिकी घ्या. गडद निळा दिसतो देखणा, पण मेच्या उन्हात फायबर इतकं तापतं की खालच्या मॅटची वीण वर उमटते. मासेमारी नौका असेल तर रंगसंगतीचे आणि नोंदणी क्रमांकाचे सरकारी नियम मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारून घ्या.

किती रंग लागेल? लांबी आणि रुंदीची बेरीज करा, दुप्पट करा आणि पाण्यावरच्या उंचीने गुणा. ७ मीटर लांब, २ मीटर रुंद, ०.८ मीटर उंच होडीचं बाहेरचं अंग साधारण साडेचौदा चौरस मीटर भरतं. एका लिटरमध्ये १० चौरस मीटर धरले तर दोन हातांना सुमारे ३ लिटर.

४. अंग तयार करा

रंग टिकतो की उठतो ते इथेच ठरतं. घाई करायची असेल तर ती रंग लावताना करा, इथे नको.

आधी गोड्या पाण्याने आणि साबणाने मीठ धुऊन काढा. मग मेण. जुनं पॉलिश आणि साच्याचं मेण घासण्याच्या आधी काढायचं असतं, नंतर नाही. आधी पॉलिश पेपर फिरवला तर तेच मेण ओरखड्यांत खोल बसतं. एका हातात थिनर लावलेली चिंधी, दुसऱ्या हातात कोरडी: पहिलीने पुसा, थिनर उडायच्या आत दुसरीने टिपा. चिंध्या सारख्या बदला, नाहीतर मेण फक्त इकडचं तिकडे होतं. झाल्यावर पाणी शिंपडून पाहा. पाण्याचा अखंड पापुद्रा उतरला तर अंग साफ, थेंब थेंब गोळा झाले तर पुन्हा पुसा.

बारीक चिरा नुसत्या वरून लांबी (पुट्टी) भरून बुजत नाहीत. चीर पत्रीच्या टोकाने 'व्ही' आकारात उघडा, मग भरा. गाडीच्या गॅरेजमधली लांबी पाणरेषेखाली वापरू नका, ती पाणी पिते. तिथे इपॉक्सीची लांबी घ्या. इपॉक्सी सुकल्यावर तिच्यावर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मग घासा.

घासायला जुना रंग काढताना ८० किंवा १२० नंबर, प्रायमरच्या आधी १८० ते २२०, प्रायमरवर ३२०. ग्राइंडरने जेलकोट जाळू नका. फायबरची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. जुनं अँटिफाउलिंग मात्र कोरडं घासूच नका. वॉटर पेपरने ओलं घासा, खाली ताडपत्री अंथरा आणि गाळ गोळा करा. खाडीत तिसऱ्या आणि कालवं गोळा करणारी माणसं असतात, ते तांबं त्यांच्या ताटात जाता कामा नये.

५. मिसळा

फायबरच्या कामात हात बसलेल्यांना एक सवय असते: ढगाळ दिवस असेल तर कॅटॅलिस्ट (रेझिन कडक करणारं द्रव्य) थोडा जास्त, ऊन असेल तर कमी. पॉलिएस्टर रेझिनला ते ठरावीक मर्यादेत, साधारण १ ते २ टक्क्यांत, चालतं. टू पॅक पीयू आणि इपॉक्सीला अजिबात चालत नाही. तिथे हार्डनर हा रंगाचाच एक भाग आहे. जास्त घातला तर उरलेला हार्डनर तसाच राहतो आणि थर कमजोर होतो. डब्यावर लिहिलेलं प्रमाण मापाच्या भांड्याने मोजा, आकारमान की वजन तेही वाचा. दोन्ही घटक काठ-तळ खरवडत दोन मिनिटं ढवळा. तासाभरात संपेल एवढंच कालवा. थिनर त्याच कंपनीचा घ्या.

रेझिन वापरत असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर धरायला लावणारं द्रव्य) आणि कॅटॅलिस्ट कधीही थेट एकमेकांत ओतू नका, स्फोट होतो. एक रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच दुसरं.

६. लावा

स्प्रेने सुंदर काम होतं, पण टू पॅक पीयूच्या फवाऱ्यातलं आयसोसायनेट, म्हणजे हार्डनरमधलं रसायन, श्वासात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, दुकानातला साधा मास्क पुरत नाही. ते काम तशी सोय असलेल्या कारखान्याकडेच द्या. घरच्या कामाला रोलर आणि ब्रश. त्यासाठीही हातमोजे, चष्मा आणि ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा मास्क घाला.

दोन माणसं हवीत. सकाळी दव सुकल्यावर सुरू करा आणि दुपारी तीनच्या आत थांबा, म्हणजे संध्याकाळचं दव पडायच्या आधी रंग धरतो. होडीवर सावली हवी, तापलेल्या फायबरवर रंग पसरायच्या आत सुकतो. पहिला माणूस बारीक फोमच्या रोलरने काठापासून पाणरेषेपर्यंत दोन फूट रुंद पट्टा पातळ लावतो. दुसरा लगेच मऊ केसांच्या तीन इंची ब्रशचं फक्त टोक, जवळजवळ वजन न देता, सुक्याकडून ओल्याकडे फिरवतो. बुडबुडे फुटतात, रोलरचे ठिपके मिटतात. पुढचा पट्टा आधीच्याची कड ओली असतानाच जोडायचा. मागे राहिलेली जागा नंतर दिसली तर परत जाऊ नका, ती पुढच्या हातात झाकली जाईल. रोलरचा फोम आधी थिनरमध्ये पंधरा मिनिटं बुडवून पाहा, काही फोम विरघळतात.

जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात चांगले. दोन हातांमधली मुदत डब्यावर असते. ती उलटली तर ३२० ने हलकं घासल्याशिवाय पुढचा हात देऊ नका. डेकला शेवटच्या हातात निसरडं होऊ नये म्हणून बारीक वाळू टाकायची असेल तर नदीची, धुऊन वाळवलेली घ्या. पुळणीच्या वाळूत मीठ असतं.

अँटिफाउलिंगचे दोन हात वेगवेगळ्या रंगछटांचे द्या, म्हणजे वरचा झिजला की खालचा दिसतो. नाळ, रडर आणि पाणरेषा इथे एक हात जास्त. किती दिवसांत होडी पाण्यात न्यायची ते डब्यावर वाचा, काही प्रकार बाहेर फार दिवस राहिले तर निकामी होतात.

मास्किंग टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, तिरका ओढून काढा. टू पॅक पीयूला पूर्ण पक्कं व्हायला साधारण आठवडा लागतो. तोवर त्यावर दोर, नांगर, जाळी काही ठेवू नका, आणि नोंदणी क्रमांकही त्यानंतरच रंगवा.