मिररमधली बूट डिस्क गेली तर

पतसंस्था, जिनिंग, कॉलेजचं ऑफिस. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी अशा ठिकाणी कोपऱ्यात एक लिनक्स सर्व्हर वर्षानुवर्षे चालू असतो. आत दोन डिस्क, सॉफ्टवेअर रेड-१, म्हणजे मिरर: दोन्ही डिस्कवर तोच डेटा. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, म्हणून ती गेल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. मग मे महिन्यात लाईट जाऊन येते आणि मशीन उठत नाही.

/प्रॉक/एमडीस्टॅट ही फाईल उघडून बघा. चौकटी कंसात दोन यू असतील तर मिरर ठीक. एक यू आणि एक अधोरेषा दिसली तर तो ॲरे (मिररची जोडी) एकाच डिस्कवर चालला आहे. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतो. पुढे धरून चालू की एसडीबी गेली आणि एसडीए जिवंत आहे.

पहिलं काम बॅकअप. तो बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण सिंक होताना, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा उतरताना, जुनी डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली जाते आणि तिचेही दिवस भरत आलेले असू शकतात. डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवून एसडीएचे ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणारे सेक्टर) बघा. आकडा शून्य नसेल तर सिंक मध्येच अडकण्याचा धोका आहे. तेव्हा आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून वाचेल तेवढं वाचणारं साधन) त्या डिस्कची नक्कल काढा.

आता ग्रब, म्हणजे मशीन चालू होताना लिनक्स सुरू करणारा बूटलोडर. मिरर फक्त पार्टिशनचा असतो. बायोसवर बूट होणाऱ्या मशीनमध्ये बूटलोडरचा पहिला तुकडा पार्टिशनच्या बाहेर, डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये असतो. तो आपोआप दुसऱ्या डिस्कवर जात नाही. म्हणून मशीन बंद करण्याआधीच एसडीएवर ग्रब-इन्स्टॉल चालवा (रेड हॅट घराण्यात ग्रब२-इन्स्टॉल). हे राहिलं आणि ग्रब नेमकं मेलेल्या डिस्कवर असलं, तर डेटा शाबूत असूनही मशीन उठणार नाही.

एका डिस्कवर बहुतेक दोन-तीन ॲरे असतात: बूट, रूट, स्वॅप. प्रत्येकातून एसडीबीचं पार्टिशन एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या कमांडच्या ‘फेल’ आणि मग ‘रिमूव्ह’ने काढा. डिस्क यादीतूनच गायब झाली असेल तर ‘रिमूव्ह डिटॅच्ड’ चालतं.

डिस्क उपसताना नावावर नाही, सीरियल नंबरवर जा. मेलेली डिस्क नंबर सांगत नसेल तर जिवंत डिस्कचा नंबर कागदावर लिहा आणि तो नंबर नसलेली डिस्क काढा. हॉट-स्वॅपची सोय नसेल तर मशीन बंद करूनच.

नवी डिस्क जुनीपेक्षा एक सेक्टरनेही लहान नको. मागवतानाच सेक्टर मोजून सांगा. संभाजीनगरहून आलेली डिस्क परत पाठवण्यात दोन दिवस जातात. १ टीबीच्या डिस्कवर बहुधा ५१२ बाइटचे १,९५३,५२५,१६८ सेक्टर असतात.

डिस्क बसली की नावं पुन्हा तपासा, रीबूटनंतर एसडीए-एसडीबी अदलाबदल होऊ शकतात. मग पार्टिशन टेबल उतरवा. टेबल जीपीटी या नव्या प्रकारचं असेल तर एसजीडिस्क, पर्याय मोठा आर. इथे क्रम उलटा वाटतो: आरच्या लगेच पुढे नवी डिस्क, सगळ्यात शेवटी जुनी. गल्लत झाली तर कोरं टेबल चांगल्या डिस्कवर जाऊन बसतं. नंतर मोठा जी देऊन नव्या डिस्कचे ओळखक्रमांक बदला. जुन्या एमबीआरसाठी एसएफडिस्कने टेबल काढून नव्या डिस्कवर टाका.

मग एमडीएडीएमने प्रत्येक ॲरेत नव्या डिस्कचं पार्टिशन ‘ॲड’ करा. ‘क्रिएट’ कधीही नाही. त्याने सुपरब्लॉक (ॲरेची माहिती ठेवणारी जागा) नव्याने लिहिले जातात आणि डेटा जाऊ शकतो. एका ॲरेचं सिंक चालू असताना बाकीचे ‘डिलेड’ दाखवतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने १ टीबीला पावणेतीन तास लागतात, काम चालू असेल तर जास्त. उन्हाळ्यात हे संध्याकाळनंतर लावा: खोली थंड असते आणि वापर कमी. यूपीएस असावाच, पण मध्येच लाईट गेली तरी एसडीएवरचा डेटा तसाच राहतो, सिंक फक्त पुन्हा सुरू होतं.

सिंक संपलं की एसडीबीवरही ग्रब-इन्स्टॉल. यूईएफआय मशीनवर (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) बूटलोडर ठेवणारं ईएफआय पार्टिशन बहुधा मिररमध्ये नसतं: नव्या डिस्कवर ते फॅटमध्ये फॉरमॅट करून आतल्या फाईली कॉपी करा आणि ईएफआयबूटएमजीआरने नोंद घाला. गेलेल्या डिस्कवरचं ईएफआय पार्टिशन एफएसटॅबमध्ये (बूट होताना माउंट करायच्या पार्टिशनची यादी) असेल तर बूट इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं; त्या ओळीत नवा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) आणि ‘नोफेल’ टाका.

मशीन आधीच उठत नसेल तर लाईव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा, ‘असेंबल स्कॅन’ने ॲरे जोडा, एकच डिस्क असल्याने अडला तर ‘रन’ द्या. रूट आणि बूट माउंट करा, डेव्ह, प्रॉक, सिस बाइंड करा आणि सीएचरूट करून (म्हणजे डिस्कवरच्या सिस्टीमच्या आत शिरून) आतून ग्रब घाला.

शेवटी बूट मेनूतून नवी डिस्क निवडून एकदा मशीन उठवून बघा. एमडीएडीएमच्या कॉन्फ फाईलमध्ये ‘मेलॲडर’पुढे रोज उघडला जाणारा ईमेल लिहा आणि मॉनिटर ‘टेस्ट’सह चालवून मेल खरंच पोचतो का ते त्याच दिवशी पाहा.