न्यूरोट्रॉफिनचे रिसेप्टर लक्षात ठेवायचेत? चित्र उलटं काढा

भाची इंदूरलाच बीएससी करतेय, परीक्षेच्या आदल्या रात्री तिला न्यूरोट्रॉफिन (नसपेशींना जगवणारी प्रोटीनं) आणि त्यांना धरणारे पेशीवरचे रिसेप्टर काही केल्या पाठ होईनात, तेव्हा घरातल्या एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आम्ही जे काढलं तेच इथे सांगतो.

सगळे आधी मोठी गोल पेशी काढतात आणि तिथेच फसतात. आधी ॲक्सॉनचं (नसपेशीच्या लांब धाग्याचं) टोक काढा, त्याच्यापुढे त्वचा, कारण एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, पहिलं न्यूरोट्रॉफिन) तिथून सुटतं आणि तेही मोजकंच. गर्भात ज्या नसपेशींना ते मिळतं त्या जगतात, बाकीच्या मरून जातात, काही ठिकाणी तर जवळपास निम्म्या. रविवारी उशिरा उठून ठेल्यावर गेलं की पोहे संपलेले असतात ना, तसंच.

आता टोकावर रिसेप्टर. चार न्यूरोट्रॉफिन, तीन ट्रॅक रिसेप्टर: एनजीएफ ट्रॅक-ए ला, बीडीएनएफ ट्रॅक-बी ला (बी ला बी, सोपंय), एनटी-३ ट्रॅक-सी ला. एनटी-४ पण बी कडेच जातं, हे हमखास विसरतात.

पुढचं मात्र सावकाश काढा. न्यूरोट्रॉफिन जोडीनं येतं, दोन ट्रॅक जवळ आणतं, ते एकमेकांच्या टायरोसिनवर (एक अमिनो आम्ल) फॉस्फेट चिकटवतात, मग पीआय-३ कायनेज, मग एकेटी ही एन्झाइम एकामागून एक चालू होतात, आणि एकेटी जाऊन बॅड नावाच्या प्रोटीनला गप्प करतं, जे नाहीतर पेशीला मारायच्या कामाला लागलं असतं. नाव खरंच बॅड आहे, भाची हसत सुटली पण विसरली नाही.

ही सगळी भानगड टोकाशी, आणि जगायचंय पेशीला, जी लांब बसलीये. म्हणून न्यूरोट्रॉफिन लागलेला रिसेप्टर छोट्या पिशवीत बंद होतो आणि डायनीन नावाचं ओढणारं प्रोटीन ती पिशवी मागे ओढत नेतं. बाण टोकाकडून पेशीकडे! मार्क इथेच जातात.

पी७५ हा वेगळा रिसेप्टर लाल पेनानं. तो सगळ्याच न्यूरोट्रॉफिनना धरतो, पण कच्चं, न कापलेलं प्रो-एनजीएफ सॉर्टिलिन या दुसऱ्या रिसेप्टरच्या सोबतीनं त्याला लागलं तर पेशी मरते. म्हणजे एकाच घरचं प्रोटीन, कापलेलं वाचवतं, न कापलेलं मारतं.

इतिहास विचारला तर एनजीएफ शोधणारे रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन, नोबेल १९८६, एवढं पुरे.

मग कागद झाकून परत काढा. भाचीचा बाण तिसऱ्या वेळी सरळ आला, तोवर ताई मुहूर्त बघायला तीच पत्रिका शोधत होती.