दोन बाजू सारख्या नसलेला ग्लायडर कसा बनवावा

कावडीच्या एका टोकाला भरलेली कळशी आणि दुसऱ्या टोकाला अर्धी कळशी असेल, तर कावड वाहणारा काठीचा मध्य खांद्यावर घेत नाही. तो जड कळशीच्या बाजूला सरकतो. पाहणाऱ्याला काठी एकीकडे लांब आणि एकीकडे आखूड दिसते, पण चालताना पाणी सांडत नाही. विमानाचंही असंच आहे. हवेला त्याचा आकार आरशातल्यासारखा हवा असतो असं नाही, वजनं आणि जोर एकमेकांना तोलून असले की तिचं भागतं. हे वाचून पटतं, पण हातात फोम आणि चिकणमाती घेतल्याशिवाय मुरत नाही. म्हणून एक सुट्टीचा दिवस काढा आणि बारा-चौदा वर्षांचं मूल घरात असेल तर त्याला सोबत घ्या.

आपण ज्याची नक्कल करणार आहोत ते विमान खरोखर उडालेलं आहे. जर्मन हवाई मंत्रालयाला तीन माणसांचं, एका इंजिनाचं टेहळणी विमान हवं होतं आणि त्यातून चौफेर दिसायला हवं होतं. इंजिन नाकावर बसवलं की समोरचं दिसणार कसं? ब्लोम उंड फॉस कंपनीच्या रिचर्ड फोग्ट यांनी इंजिन आणि शेपटीचा लांब दांडा डावीकडे नेला, आणि माणसांसाठी काचेची कुपी उजव्या पंखावर बसवली. हे बीव्ही 141 विमान 25 फेब्रुवारी 1938 रोजी पहिल्यांदा उडालं. इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) एका दिशेने फिरला की विमान उलट दिशेला कलू पाहतं. इथे ते डावीकडे कलू पाहायचं आणि उजवीकडच्या कुपीचं वजन त्याला आवरायचं. रचना विचित्र दिसत असली तरी तिच्यात नेमका हिशोब होता. त्याच कामासाठीचं फोके-वुल्फ 189 हे दुसरं विमान पुढे निघून गेल्यामुळे बीव्ही 141 मोजकीच बनली, त्याला कारणं वेगळी होती. उडण्याच्या बाबतीत ते कमी पडलं नव्हतं.

साहित्य

3 मिलिमीटर जाडीचा डेप्रॉन फोम (एरोमॉडेलिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो), 35 सेंटिमीटर लांब गोल बांबूची काडी, मुलांची चिकणमाती, कटर, टाचण्या, दोरा, सेलोटेप आणि फेव्हिकॉल. फेव्हिक्विक वापरू नका, ते हा फोम खातं. ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा मिळाला तर फार बरं.

आधी सरळ ग्लायडर

ही पायरी गाळायचा मोह होईल, पण गाळू नका. सरळ ग्लायडर नीट तरंगला नसेल, तर वाकड्यात चूक कुठे आहे हे कधीच कळणार नाही.

पंखासाठी 40 बाय 7 सेंटिमीटरची पट्टी कापा आणि मधोमध दोन तुकडे करा. एक तुकडा टेबलावर सपाट ठेवा, दुसऱ्याचं बाहेरचं टोक पुस्तकांवर 5 सेंटिमीटर उंच टेकवा आणि सांधा फेव्हिकॉलने जोडून रात्रभर वाळू द्या. उचलल्यावर पंख उथळ इंग्रजी व्हीसारखा दिसेल. ही उंची ग्लायडर कलल्यावर त्याला परत सरळ करते. आडवी शेपटी 14 बाय 5, उभी शेपटी 6 बाय 5.

आता पंख काडीवर सेलोटेपने बसवा. नाकापासून पंखाची पुढची कड 9 सेंटिमीटरवर यावी. शेपट्या मागच्या टोकाला चिकटवा. पंखाच्या पुढच्या कडेपासून अडीच सेंटिमीटर मागे, दोन्ही बाजूंना बोटांच्या टोकांवर ग्लायडर तोला. शेपटीकडे झुकला तर नाकावर चिकणमाती लावत जा. साधारण हरभऱ्याएवढ्या गोळ्यापासून सुरुवात करा, बहुधा त्याच्या काही पट लागेल.

वारा नसताना, सकाळी लवकर किंवा एखाद्या मोठ्या हॉलमध्ये, खांद्याच्या उंचीवरून नाक किंचित खाली ठेवून हलकेच सोडा. फेकू नका. नाक वर करून थबकला आणि मग खाली आपटला, तर माती वाढवा. सरळ जमिनीकडे गेला तर माती कमी करा. आठ-दहा मीटर शांतपणे जाऊ लागला की पुढे चला.

आता वाकडा

पंखावरची सेलोटेप सोडवा आणि काडी मधल्या सांध्यापासून 3 सेंटिमीटर डावीकडे सरकवा. (डावी-उजवी बाजू वैमानिकाची, म्हणजे मागून पाहताना.) इथे एक बारीक अडचण येते. मधोमध असताना काडी सांध्याखाली बसत होती, आता ती पंखाच्या उतारावर बसते आणि शेपटी एका बाजूला कलते. काडी गोल का घ्यायची ते इथे कळतं: ती फिरवत जा, आडवी शेपटी पंखाच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेला समांतर दिसली की थांबा आणि मगच टेप लावा.

नाकावरची माती काढा. डेप्रॉनची 12 बाय अडीच सेंटिमीटरची पट्टी उभी धरून पंखाखाली उजवीकडे लावायची. ही झाली कुपी. तिचं टोक काडीच्या टोकाइतकंच पुढे असू द्या आणि काढलेली माती त्या टोकाला लावा.

कुपी मध्यापासून किती अंतरावर लावायची? हा कावडीचा हिशोब आहे. काडी आणि शेपट्यांचं एकत्र वजन करा, त्याला 3 सेंटिमीटरने गुणा. समजा वजन 4 ग्रॅम भरलं, तर उत्तर 12. मातीसकट कुपी 5 ग्रॅमची असेल तर 12 ला 5 ने भागा: 2.4 सेंटिमीटर. तुमचे आकडे वेगळे येतील, रीत हीच.

हिशोब केल्यावर तपासणी. पंखाच्या मध्यरेषेवर पुढे एक आणि मागे एक टाचणी टोचा, दोन्हींना सारख्या लांबीचे दोरे बांधा आणि ग्लायडर टांगा. तो सावकाश गोल फिरेल, फिरू द्या. थांबला की डोळा पंखाच्या पातळीवर आणा आणि दोन्ही टोकं मागच्या खिडकीच्या आडव्या चौकटीशी जुळवून पाहा. डावं टोक खाली असेल तर कुपी दोन-तीन मिलिमीटर उजवीकडे न्या. मला हे दृश्य अजूनही फार आवडतं: इतकं वाकडं दिसणारं काहीतरी दोऱ्यावर अगदी पातळीत थांबलेलं असतं.

वळत असेल तर

इथे माझी एकदा फसगत झाली होती. ग्लायडर डावीकडे वळत होता, म्हणून मी उभ्या शेपटीची मागची कड किंचित उजवीकडे वाकवली आणि तो सरळ गेला. पुढच्या वेळी थोडा जोरात सोडला, तर उजवीकडे वळून भिंतीवर आदळला. मूळ दोष वजनाचा होता, डावी बाजू जड होती. वजन वेग बघत नाही, ते तेवढंच राहतं. शेपटीवरचा हवेचा जोर मात्र वेग दुप्पट झाला की चौपट होतो. त्यामुळे वजनाची चूक शेपटीने झाकली, तर ती फक्त एकाच वेगाला झाकली जाते. म्हणून आधी दोऱ्यावर टांगून वजन नक्की करा आणि उरलेलं वळण शेपटीने काढा. मग हळू आणि जोरात असं दोन्ही प्रकारे सोडून पाहा.

ज्यांनी अशी विमानं माणसं बसवून उडवली त्यांनाही वेग बदलल्यावर काय होतं याचा विचार करावा लागला. अमेरिकन विमान-रचनाकार बर्ट रुतान यांचं 1996 साली उडालेलं बूमरँग हे विमान त्यासाठी पाहण्यासारखं आहे. दोन इंजिनांच्या नेहमीच्या विमानात एक इंजिन बंद पडलं की दुसरं विमानाला गरकन वळवतं, आणि वेग फार कमी असेल तर सुकाणू त्याला पुरत नाही. याच क्षणी अनेकांचे जीव गेले आहेत. रुतान यांनी एक इंजिन मुख्य धडाच्या नाकावर आणि दुसरं डावीकडच्या वेगळ्या दांड्यावर बसवून दोन्ही एकमेकांच्या जवळ आणली. पंख पुढे झुकलेले, आणि उजव्या, म्हणजे धडावरच्या, इंजिनाची ताकद डाव्यापेक्षा 10 अश्वशक्तीने जास्त. यामुळे एक इंजिन बंद असतानाही विमान अगदी हळू वेगापर्यंत हातात राहतं. विमान-रचनेत आकर्षक वाटणाऱ्या कल्पना पुष्कळ असतात, पण ही माणूस वाचवण्यासाठी केलेली आहे आणि म्हणून मला ती सगळ्यांत मोठी वाटते.

शेपटी एका बाजूला

ग्लायडर नीट जात असेल तर पुढचा बदल करा. बीव्ही 141 च्या बी आवृत्तीत आडवी शेपटी जवळजवळ सगळी डावीकडे नेली होती, म्हणजे मागे बसलेल्या बंदूकधाऱ्याला मोकळं दिसावं. तुम्हीही 14 सेंटिमीटरची शेपटी 10 डावीकडे आणि 4 उजवीकडे अशी सरकवा. क्षेत्रफळ कमी करू नका, नाहीतर नाक वर-खाली व्हायला लागेल. वजन थोडं डावीकडे गेलं, म्हणून पुन्हा दोऱ्यावर टांगा.

तिरका पंख

शेवटचा प्रयोग त्या पहिल्या सरळ ग्लायडरवर करा, त्यासाठी काडी परत मध्यावर आणून माती नाकावर लावा. पंख टेपऐवजी रबरबँडने बांधा, म्हणजे तो फिरवता येईल. उजवं टोक पुढे आणि डावं मागे असं आधी 5 अंश, मग 10. नासाच्या एडी-1 या प्रायोगिक विमानात तिथले अभियंते रॉबर्ट जोन्स यांची हीच कल्पना होती. उतरताना पंख आडवा, वेगात तिरका, म्हणजे हवेचा विरोध कमी. 1979 ते 1982 या काळात ते 79 वेळा उडालं आणि पंख 60 अंशांपर्यंत फिरवला गेला. 45 अंशांच्या पुढे मात्र त्याची हाताळणी बिघडत गेली, नाक वर-खाली करताना विमान कलायचंही. तुमचा ग्लायडर 10 अंशांनाच कोणत्या बाजूला कलतो ते वहीत लिहा, आणि 15 अंशांना सोडण्याआधी जमिनीवर एक गादी अंथरा.