शाळाभेटीला जाताना या चुका टाळा

नागपूरच्या शिक्षकांना वेगळ्या वाटेने चालणारी शाळा पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सेवाग्राम येथील आनंद निकेतन ही नयी तालीमच्या, म्हणजे हाताने काम करत शिकण्याच्या गांधीजींच्या विचारावर चालणारी शाळा आपल्यापासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे आणि सकाळी निघालेला शिक्षक दिवसभर वर्ग पाहून रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचू शकतो. तरीही अशा भेटींनंतर आपल्या वर्गातील मुले पूर्वीइतकीच गप्प राहतात, असा अनुभव अनेक शिक्षक सांगतात. माझ्या पहिल्या दोन शाळाभेटीही अशाच वाया गेल्या. त्यांची कारणे शोधत गेलो, तेव्हा बहुतेक चुका आमच्या जाण्यात आणि पाहण्यात सापडल्या.

पहिली चूक निघण्यापूर्वीच होते. ‘काहीतरी नवीन पाहायला मिळेल’ एवढ्याच अपेक्षेने गेलेला शिक्षक सगळे पाहतो आणि हाती काही घेऊन येत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या वर्गातील एकच अडचण आठवडाभर आधी कागदावर लिहावी. सातवीच्या वर्गात मागच्या दोन रांगा तोंड उघडत नाहीत, घरी हिंदी किंवा गोंडी बोलणारे मूल मराठीच्या तासिकेत मान खाली घालून बसते, गुणाकार येणारी मुलेही शाब्दिक उदाहरण दिसताच वही मिटतात, अशी ती नेमकी असावी. हे कागद यजमान शाळेलाही आधी पाठवावेत, म्हणजे कोणत्या वर्गात कोणी बसावे हे त्यांना ठरवता येते.

दुसरी चूक गर्दीची आहे. चाळीस शिक्षकांची बस शाळेच्या आवारात शिरली की त्या दिवशी शाळा भरत नाही, समारंभ भरतो. स्वागतगीत, सत्कार, मुख्याध्यापकांचे मनोगत आणि चहा यांत दोन तास जातात, आणि वर्ग दिसतो तो दारातून. चार-पाच जणांनीच जावे, त्यांतले किमान दोघे एकाच शाळेतले असावेत आणि त्यांनी परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत एकाच वर्गाच्या मागच्या बाजूला बसून राहावे. दोघे एकाच शाळेतले असण्याचे कारण व्यवहाराचे आहे: परतल्यावर एकटा शिक्षक नव्या प्रयोगात लवकर थकतो. भेटीचा काळही विचारपूर्वक निवडावा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस सुरू होतात, पुढे डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा येतात, आणि उन्हाळा लागला की सकाळच्या शाळेची घाई असते. म्हणून ऑगस्ट महिना किंवा दिवाळीच्या सुटीनंतरचे पहिले पंधरा दिवस मला सर्वांत उपयुक्त वाटतात, कारण पाहिलेले करून बघायला त्यानंतर सलग आठवडे मिळतात.

भिंती पाहू नका, मुले पाहा

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शाळेची सजावट हीच तिची पद्धत समजणे. 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्य सरकारचा कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या, म्हणजे एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील गटाच्या शाळा पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले. तिथे मुलांच्या हाताशी साहित्य होते, जमिनीवर आखलेल्या आकृत्या होत्या आणि त्यांभोवती बसून मुले आपापसांत बोलत शिकत होती. पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी आकृत्या तेवढ्या उचलल्या आणि गावोगावच्या वर्गांच्या फरश्या रंगल्या. आमच्याही शाळेने लोकवर्गणीतून फरशी रंगवून घेतली. तिच्यावर बसून मुलांनी काय करायचे हे मात्र आम्ही पाहून आलोच नव्हतो, त्यामुळे वर्षभरात ते रंग पायांखाली पुसट झाले. त्या वर्गणीची आठवण आजही मनाला लागते.

म्हणून पहिला तासभर मोबाइल पिशवीतच ठेवावा. मुलांची छायाचित्रे परवानगीशिवाय घेऊच नयेत. एक मूल निवडावे, शक्यतो फळ्यापासून दूर बसलेले, आणि दहा मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहावे. ते कोणाशी बोलते, अडले की कोणाकडे वळते, किती वेळ रिकामे बसते, याची नोंद करावी. नंतर शिक्षकाकडे वळावे आणि मुलाने चुकीचे उत्तर दिल्यावर पुढच्या मिनिटात काय घडते ते टिपावे. शिक्षक लगेच दुसऱ्याला विचारतात, की ‘तू हे कसे काढलेस?’ असे म्हणून थांबतात? माझ्या मते मुलांचा सहभाग या एका मिनिटात ठरतो, आणि ते मिनिट कोणत्याही छायाचित्रात येत नाही.

नयी तालीमच्या शाळेत हीच चूक वेगळ्या रूपाने होते. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हा विचार मांडला. त्याच्या केंद्रस्थानी समवाय आहे, म्हणजे हाताने केलेल्या कामातूनच गणित, विज्ञान आणि भाषा उलगडत जाणे. पाहुण्यांना मात्र बाग दिसते, आणि परतल्यावर ते कार्यानुभवाच्या तासिकेत चार रोपे लावून मोकळे होतात. समजा, मुलांना दीड मीटर रुंदीच्या वाफ्यात 30 सेंटिमीटर अंतराने मेथीच्या ओळी पाडायच्या आहेत. भागाकार करणारे मूल पाच ओळी सांगते आणि दोरी लावणाऱ्या मुलाच्या सहा भरतात. पहिली ओळ अगदी काठावर धरली आणि शेवटचीही काठावर आली, तर सहा होतात; दोन्ही बाजूंना 15 सेंटिमीटर सोडले, तर पाच. या वादात शिक्षकाने उत्तर न सांगता दोरी आणि मोजपट्टी पुढे केली, तर तो वाफा गणिताचा तास होतो. भेटीत पाहायचे असते ते हे, म्हणजे वाद कोणी सुरू केला आणि शिक्षक किती वेळ गप्प राहिले.

आणखी एक चूक संकोचातून होते. आपण यजमानांचे कौतुक करतो आणि त्यांच्या फसलेल्या प्रयत्नांविषयी विचारत नाही. कोणता उपक्रम बंद केला आणि का, पालकांनी सुरुवातीला कोणते आक्षेप घेतले, तयारीला रोज किती वेळ लागतो, हे प्रश्न आदराने विचारावेत, आणि मुख्याध्यापकांइतकेच वर्गशिक्षकांनाही विचारावेत.

परतल्यावर अडले तर

सगळे उपक्रम सगळ्या वर्गांत सोमवारपासून सुरू करण्याचा मोह आवरावा. एक वर्ग, एक विषय आणि आठवड्यातून दोन तासिका, एवढेच सहा आठवडे करावे.

पहिल्या आठवड्यात गोंगाट वाढेल. तेव्हा प्रथम गटाचा आकार तपासावा. आठ जणांच्या गटात दोघे काम करतात आणि उरलेले पाहत बसतात, म्हणून चारांचे गट करावेत. पटसंख्या साठ असेल, तर अर्ध्या वर्गाला वहीतील काम देऊन अर्ध्यांचे गट बसवावेत आणि पुढच्या तासिकेला अदलाबदल करावी. गट लहान करूनही मुले गप्पच राहिली, तर बहुधा प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपणारे असते. ‘किती?’ या प्रश्नाच्या जागी ‘दोघांची उत्तरे वेगळी का आली?’ हा प्रश्न ठेवून पाहावा. हुशार मुलेच बोलत असतील, तर आधी प्रत्येकाने दोन मिनिटे वहीत लिहावे आणि मगच बोलावे, असा नियम करावा. अभ्यासक्रम मागे पडण्याची भीती रास्त आहे. त्यासाठी जादा उपक्रम शोधण्यापेक्षा त्या आठवड्याच्या टाचणातला पाठच गटात घ्यावा.

सहा आठवड्यांनी यजमान शाळेला पत्र लिहावे. आभाराच्या दोन ओळींनंतर काय जमले, कुठे अडले आणि आता कोणता प्रश्न उरला आहे हे त्यात असावे, आणि ज्या शिक्षकांचा वर्ग आपण पाहिला त्यांना एखाद्या शनिवारी आपला वर्ग पाहायला बोलावावे.