म्हाताऱ्या कुत्र्याचा अचानक तोल गेला, मान वाकडी झाली? या चुका टाळा

रंगपंचमीच्या सकाळी आठच्या सुमारास आमचा बंड्या झोपेतून उठला आणि उभा राहताच डावीकडे धाडकन पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा चारही पाय पसरून फरशीला चिकटून राहिला. मान डाव्या खांद्याकडे वळलेली, तोंडातून लाळेची तार. वय १३. आदल्या रात्री दूध-पोळी नीट खाऊन झोपलेला कुत्रा.

इंदूरमध्ये त्या दिवशी गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, निघते आणि अर्धं शहर राजवाड्याकडे लोटतं. शेजारचे काका रंगाने माखून निघालेच होते. आवाज ऐकून आत आले, बघितलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, “भिया, इसको तो लकवा मार गया.” त्यांच्या मुलाला वाटलं, रात्री कुणीतरी भांगेच्या ठंडाईचे ग्लास बाहेर ठेवले असतील, यानं चाटले असतील. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला. आणि मी पुढच्या दोन तासांत एकामागून एक चुका केल्या. बंड्या त्यातून निभावला. नंतर सुदामा नगर, लोकमान्य नगरातून ओळखीच्या लोकांचे फोन आले तेव्हा कळलं, सगळ्यांच्या घरी ह्याच चुका होतात. म्हणून लिहितेय.

“लकवा आहे” असं ठरवून टाकणं

घरातल्या कुणा ना कुणा म्हाताऱ्या माणसाचा अर्धांगवायू आपण पाहिलेला असतो. कुत्रा एका अंगावर पडला की तोच शब्द तोंडात येतो. पण लकव्यात पायांतली ताकद जाते. बंड्याच्या पायांत ताकद भरपूर होती. मी धरायला गेले तर तो इतक्या जोरानं पंजे रोवत होता की माझ्या मनगटावर नखांचे वळ उठले. वर कुठे आणि खाली कुठे, हेच त्याला कळत नव्हतं.

कानाच्या अगदी आतल्या भागात द्रवानं भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. डोकं कुठे वळलं, किती वेगानं वळलं, ही खबर त्या मेंदूला देत राहतात. दोन्ही कानांची खबर जुळली की तराजूचा काटा मधे राहतो. एका कानाची खबर एकदम बंद पडली की काटा एका अंगाला कलतो, आणि जागच्या जागी पडलेल्या कुत्र्यालाही आपण गरगर फिरतोय असं वाटतं. मान वाकडी होणं, एकाच बाजूला पडणं, गोल गोल फिरणं, उलट्या, सगळं त्यातूनच येतं. डॉक्टर याला व्हेस्टिब्युलर आजार म्हणतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत तो बरेचदा काहीही कारण न सापडता एका क्षणात येतो आणि बरेचदा आपोआप ओसरतो. कुठल्याही वयात तो कानाच्या आतल्या संसर्गामुळे येऊ शकतो. क्वचित मूळ मेंदूत असतं: गाठ, सूज, रक्तपुरवठा अडणं. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं, पण निकाल लावून जायचं नाही.

डोळ्यांकडे न बघणं

ही माझी सर्वांत मोठी चूक. मी पाय चोळत बसले, तेल गरम करून आणलं. खरी खूण बंड्याच्या डोळ्यांत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा जबडा दोन्ही हातांत धरला आणि मला म्हणाले, “बघा.” दोन्ही बुबुळं आडवी सरकत होती, एका बाजूला हळू, आणि झटक्यात परत. पुन्हा हळू, पुन्हा झटका. तो काहीच बघत नव्हता, त्याच्यासाठी सगळी खोली फिरत होती. ते पाहिल्यावर त्याच्या घाबरण्याचा अर्थ मला लागला.

बुबुळं आडवी किंवा गोलाकार हलत असतील तर दोष बहुधा कानाकडचा असतो. वर-खाली हलत असतील तर मेंदूची शंका जास्त. ही हालचाल दोन-चार दिवसांत कमी होत जाते, म्हणून पहिल्याच तासात मोबाइलवर टिपून ठेवा. अर्धा मिनिट डोळे जवळून, अर्धा मिनिट चालण्याचा प्रयत्न. रडारड करत सांगितलेल्या दहा वाक्यांपेक्षा डॉक्टरांना हा एक व्हिडिओ जास्त सांगतो.

आणखी एक गोष्ट डॉक्टर करतात, ती आपणही बघून ठेवू शकतो. कुत्र्याच्या पोटाखाली हात देऊन त्याला आधारानं उभं करायचं आणि एक पंजा हलकेच उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवायची. दोष कानाचा असेल तर कुत्रा पंजा लगेच सरळ करतो. बंड्यानं चारही पंजे चटकन सरळ केले. उलटा पंजा तसाच ठेवून उभा राहणारा कुत्रा, नावानं हाक मारल्यावर कान न हलवणारा, गिळता न येणारा किंवा झटके येणारा कुत्रा, यांचं प्रकरण वेगळं. तिथे तासाचाही उशीर नको.

लाजेपोटी किंवा विसरून डॉक्टरांपासून लपवणं

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “भांग?” मला राग आला होता. आता वाटतं, इंदूरमध्ये होळी, रंगपंचमी किंवा शिवरात्रीच्या आसपास हा प्रश्न विचारायलाच हवा. भांग पोटात गेलेला कुत्राही झोकांड्या खातो. पण तो उभ्या उभ्या पेंगतो, हात लावला की दचकतो, थेंब थेंब लघवी गळत राहते, अंग गार लागतं. मान एकाच बाजूला कलती राहणं आणि बुबुळांचं ते लयीत सरकणं सहसा त्यात नसतं. घरात किंवा अंगणात भांग होती तर सरळ सांगा. तिथे कुणी पोलिसांना फोन करत नाही, उपचार मात्र बदलतो.

औषधांचंही तसंच. जुलाबासाठी दिलेलं मेट्रोनिडाझोल जास्त मात्रेत किंवा बरेच दिवस चाललं असेल तर त्यानंच तोल जाऊ शकतो, आणि ते बंद केल्यावर कुत्रा सावरतो. गोचिडांसाठी कुणाच्या सांगण्यावरून दिलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन, कानात घातलेले थेंब, घरातल्या माणसांची चोरून खाल्लेली गोळी, सगळं कागदावर लिहून न्या. महिन्याभरात अंगावर गोचीड दिसले असतील तर तेही. गोचिडांतून येणारा एर्लिकियाचा ताप आपल्याकडे खूप आहे आणि तो मज्जासंस्थेपर्यंत पोचू शकतो. रक्ताच्या तपासणीत त्याचा तपास लागतो.

चमच्यानं पाणी पाजणं, कडेवर घेणं, गोळी देणं

इथे सावकाश सांगते, कारण पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त नुकसान आपल्या मायेनंच होतं.

बंड्याला तहान लागली असेल म्हणून मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन, मान वर करून चमच्यानं पाणी घातलं. तो ठसकला, मग जोरजोरात खोकला. गरगरणाऱ्या कुत्र्याच्या घशात असं पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. मूळ दुखण्यापेक्षा तो घातक. पाणी द्यायचं ते कुत्र्याला छातीवर नीट बसतं करून, दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरीची लोड लावून, उथळ ताटलीतून. चाटत असेल तर चाटू द्या. चाटत नसेल तर पहिले काही तास राहू द्या, सलाइन लावायचं काम डॉक्टरांचं. मळमळ थांबवणारं इंजेक्शन मिळालं की बहुतेक कुत्री संध्याकाळपर्यंत स्वतःहून तोंड लावतात. बंड्यानं रात्री माझ्या तळहातावरून मऊ भाताचे चार घास घेतले.

उचलून घेऊ नका. आपल्याला वाटतं कुशीत घेतलं की धीर येईल. पण पाय जमिनीवरून सुटले की त्याची शेवटची खूणगाठही सुटते आणि तो जास्त तडफडतो. लघवीला न्यायचं तर पोटाखालून जुना टॉवेल घालून दोन्ही टोकं हातात धरा, पंजे जमिनीला टेकलेले राहू द्या. एका हाताचा पंजा छातीवर ठेवा, म्हणजे पडण्याची बाजू अडते.

आमच्या घरात खाली चकचकीत टाइल्स. त्यावर धड कुत्रासुद्धा घसरतो. नवऱ्यानं माळ्यावरच्या दोन सतरंज्या आणि धान्याची रिकामी पोती काढली, ती कडेला कड लावून दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत पट्टा केला. दुसऱ्या दिवशी बंड्या त्या पट्ट्यावरूनच चालायला शिकला, भिंतीला अंग घासत. जिन्यापुढे पाट आडवा लावला. रात्री छोटा दिवा चालू ठेवला. कानाची खबर चुकते तेव्हा कुत्रा डोळ्यांवर तोल सांभाळतो, आणि मिट्ट अंधारात तेही जातं. ही साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पहिल्या रात्री दिवा मालवल्यावर तो कण्हायला लागला, लावल्यावर शांत झाला, तेव्हा कळली.

उठता न येणाऱ्या कुत्र्याला दर तीन-चार तासांनी कूस बदलून द्या, खाली जाड गोधडी घाला, लघवीनं ओलं झालेलं अंग लगेच पुसा. एका बाजूचा ओठ लोंबत असेल, पापणी मिटत नसेल तर डॉक्टरांना विचारून डोळ्यात ओलावा ठेवणारे थेंब घाला. नाहीतर बुबुळ सुकून जखम होते.

आणि गोळ्या. घरातल्या आजोबांची चक्करची गोळी अर्धी करून देणारे भेटले, दुखत असेल म्हणून माणसांची दुखण्याची गोळी देणारेही भेटले. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं खराब होतात. पॅरासिटामॉलही आपल्या मनानं द्यायचं औषध नाही. आयब्युप्रोफेनसारख्या गोळीवर डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं आणि आपण गोळीची गोष्ट सांगितलीच नाही, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

कानात लसणाचं तेल

नको. कानाला वास येतो, आतून काळपट घाण निघते, कुत्रा सारखं डोकं झटकतो, म्हणजे संसर्ग आहे, आणि पडदा फाटला असण्याची शक्यता आहे. फाटक्या पडद्यातून आत गेलेलं तेल किंवा जेंटामायसिनसारखे थेंब आतल्या कानालाच इजा करतात, कधी बहिरेपण येतं. आधी डॉक्टर कानात नळी घालून पडदा बघतील, मग औषध. मधल्या-आतल्या कानाच्या संसर्गाला गोळ्या चार-सहा आठवडे घ्याव्या लागतात. आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडल्या की तोच आजार फिरून येतो.

रेबीज मनात न आणणं

लस नसलेला किंवा लसीची तारीख उलटून गेलेला कुत्रा, त्यात गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या कुत्र्याशी झटापट, आणि आता अचानक तोल जाणं, गिळता न येणं, आवाज बदलणं, विनाकारण चावायला येणं. अशा कुत्र्याच्या तोंडात काही अडकलंय का बघायला हात घालू नका. मुलांना दूर ठेवा, कुत्र्याला एका खोलीत बंद करा, डॉक्टरांना फोनवरच सगळं सांगा. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि माणसानं त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. लक्षणं दिसल्यावर इलाज उरत नाही. पिल्लाला किंवा तरुण कुत्र्याला तोल जाण्याबरोबर जबड्याचे किंवा पायाचे झटके येत असतील आणि लस अपुरी असेल तर डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराची शंका घ्यावी लागते.

पहिल्या तीन दिवसांत शेवटचा निर्णय घेणं

दुपारपर्यंत आमच्याकडे तीन जणांचं एकमत झालं होतं की इंजेक्शन देऊन मोकळा करा, हाल बघवत नाहीत. सांगणारे सगळे जीव लावणारेच. आणि खरं सांगते, पहिल्या दिवसाचा तो चेहरा बघून मलाही तसंच वाटलं होतं. याच दुखण्याला लोक सर्वांत जास्त फसतात, कारण पहिला दिवस शेवटच्या दिवसासारखा दिसतो.

कानाकडचा, कारण न सापडणारा प्रकार पहिल्या २४ ते ४८ तासांत सर्वांत वाईट असतो. साधारण ७२ तासांनी सुधारणा दिसू लागते, दोन ते तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री चालतात, खातात, दाराशी भुंकायला येतात. त्याला ठरावीक औषध नाही. मळमळ थांबवणं, पाणी देणं आणि पडू न देणं हाच उपचार. म्हणून डॉक्टरांनी तपासून मेंदूची लक्षणं नाहीत असं सांगितलं असेल, तर तीन दिवस तरी कुत्र्याला द्या. एका वहीत रोज तीन गोष्टी लिहा: खाल्लं का, आधाराशिवाय किती पावलं चालला, बुबुळं हलतात का. आमच्या वहीत दुसऱ्या दिवशी “२ पावलं”, चौथ्या दिवशी “अंगणापर्यंत” असं आहे.

तीन-चार दिवसांत काहीच फरक नाही, किंवा वाढतंय, असं वहीत दिसलं तर थांबू नका. थायरॉइड, रक्तदाब, गोचिडांच्या तापाची तपासणी, मग गरजेनुसार डोक्याचं स्कॅन. त्यासाठी भूल द्यावी लागते, आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तिचा विचार डॉक्टरांशी बोलूनच करायचा. इंदूरकरांना दुसरं मत हवं असेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. आणि मेंदूत मोठी गाठ निघाली, कुत्रा खात नाही, आपल्याला ओळखत नाही, तेव्हा त्याला शांतपणे जाऊ देण्यात काही गैर नाही. तो निर्णय तपासणीनंतरचा असावा, रंगपंचमीच्या दुपारी घाबरून घेतलेला नसावा.

बंड्या एकोणिसाव्या दिवशी पाट ओलांडून स्वतः जिना उतरला. मान अजून जराशी डावीकडे कलती आहे, ती तशीच राहील असं डॉक्टर म्हणाले, त्याला त्याचा त्रास नाही. डाव्या अंगाला वळताना थोडा जास्त वळतो, म्हणून जेवणाचं भांडं आता भिंतीपासून हातभर दूर, वितभर उंच पाटावर ठेवतो. एका सतरंजीचा पट्टा अजून तसाच आहे. असा झटका पुन्हा येऊ शकतो, आणि सकाळी उठल्यावर तो आधी त्या सतरंजीवरच पाय टेकतो.