साहेब तुमच्या कल्पनेचं श्रेय घेतात? या चुका टाळा

आपण सुचवलेली गोष्ट साहेबांनी वरच्या मीटिंगमध्ये स्वतःची म्हणून मांडली, की झोप उडते. राग रास्तच असतो. पण श्रेय बहुतेक वेळा मीटिंगमध्ये जात नाही, ते त्याच्या आधीच गेलेलं असतं. कल्पना आपण ज्या तऱ्हेने साहेबांच्या हाती देतो, त्यातच ते निसटतं.

तोंडी सांगून मोकळं होणं. ही सर्वांत महाग चूक. चहाच्या टपरीवर, लिफ्टमध्ये, गाडीत बसल्या बसल्या आपण सगळं सांगून टाकतो. पंधरा दिवसांनी साहेबांना मुद्दा आठवतो, तो कुणी सांगितला हे आठवत नाही. काहींना सोयीस्करपणे आठवत नाही. म्हणून बोलणं झालं की त्याच दिवशी चार ओळींची मेल टाका: ‘सर, सकाळी बोललो त्याप्रमाणे डिस्पॅचच्या याद्या गोदामानुसार वेगळ्या करण्याची माझी कल्पना खाली थोडक्यात लिहिली आहे. मागच्या महिन्याचे आकडे गुरुवारपर्यंत देतो.’ यात तक्रारीचा सूर नाही. नाव, तारीख आणि पुढचं काम मात्र नोंदलं गेलं. ज्या सहकाऱ्यांचा त्या कामाशी खरोखर संबंध आहे, त्यांना सीसीत ठेवा. साहेबांच्या साहेबांना उगाच सीसीत घातलंत, तर मात्र भांडण तुम्हीच सुरू केलं असं दिसेल.

पुरावा हवा म्हणून ऑफिसच्या फाइली स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. बऱ्याच कंपन्यांत तो नियमभंग धरला जातो आणि मग चौकशी तुमचीच होते.

भर मीटिंगमध्ये ‘ही कल्पना माझी होती’ म्हणणं. वाक्य खरं असलं तरी ऐकणाऱ्यांना त्यातला फक्त राग दिसतो. त्यापेक्षा असं बोला: ‘सरांनी मांडलं त्यात एक भर घालतो. हे करून पाहताना परताव्याच्या मालाची नोंद दोनदा होत होती, ती अशी सोडवली.’ काम ज्याने केलं त्यालाच बारकावे ठाऊक असतात, आणि खोलीतल्या जाणत्या माणसांना ते लगेच कळतं.

टीमच्या नावाने बोलणाऱ्या साहेबालाही चोर ठरवणं. ‘आमच्या टीमने हे केलं’ असं वर सांगणं मॅनेजरचं कामच आहे. ‘मी केलं’ असं पुनःपुन्हा ऐकू आलं, तर ती तक्रार. एकदा घडलं तर नोंद ठेवा, पुन्हा घडलं तर बोला. बोलायचं ते एकांतात आणि मागणीच्या स्वरूपात: ‘पुढच्या सादरीकरणात माझा भाग मीच मांडला तर चालेल का?’ आरोपाला नकार देणं सोपं असतं, या प्रश्नाला अवघड जातं.

कायदा आपल्याला कल्पनेचा मालक करील असं समजणं. कॉपीराइट नुसत्या कल्पनेला मिळत नाही, लिहिलेल्या मजकुराला मिळतो. त्यातही १९५७च्या कायद्याच्या कलम १७नुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाची पहिली मालकी कंपनीची. कलम ५७ मात्र लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क लेखकाकडेच ठेवतं. तुम्ही संशोधन विभागात असाल, तर १९७०च्या पेटंट कायद्यातलं कलम २८ जरूर वाचा. पेटंटची मालकी कुणाचीही असो, संशोधक म्हणून नाव नोंदवून घेता येतं. पण ती मागणी पेटंट मंजूर होण्याआधी करावी लागते.

क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात १९४३ साली तरुण विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ यांनी ते शोधलं, आणि नाव झालं विभागप्रमुख सेलमन वॅक्समन यांचं. शॅट्झ यांनी १९५० साली दावा लावला. प्रयोगांच्या तारखा त्यांच्या वह्यांत लिहिलेल्या होत्या आणि १९४४च्या शोधनिबंधावर त्यांचं नाव पहिलं होतं. तडजोडीत त्यांना सहशोधक म्हणून मान्यता आणि रॉयल्टीतला ३ टक्के वाटा मिळाला. तरीही १९५२चं नोबेल एकट्या वॅक्समन यांना गेलं. कागद नसते तर शॅट्झ यांच्या हाती तेवढंही लागलं नसतं.

अप्रेझलचा फॉर्म शेवटच्या रात्री भरणं. मार्च उजाडेपर्यंत जून-जुलैचं काम आपल्यालाच आठवत नाही. दर शुक्रवारी तीन ओळी लिहा: काय सुचवलं, कुणाला सांगितलं, त्यातून काय बदललं.

थेट एचआर गाठणं. ‘माझं श्रेय घेतात’ एवढ्या वाक्यावर एचआर फारसं काही करत नाही. आधी साहेबांशी बोलणं, मग त्यांच्या वरिष्ठांशी होणाऱ्या नेहमीच्या बैठकीत स्वतःच्या कामाची माहिती देणं, हा क्रम धरा. तुमचं काम दाबून तुमचं अप्रेझल खाली आणलं असेल, तर मात्र मेलच्या तारखा घेऊन एचआरकडे जाच.

एवढं करूनही फरक पडत नसेल, तर त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात बदली मागा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत रिकाम्या जागा आधी आतल्या लोकांसाठी जाहीर होतात, आणि तिथल्या मुलाखतीत ‘हे तुम्ही नेमकं कसं केलंत?’ असं विचारलं, की शुक्रवारच्या त्या नोंदी कामी येतात.