कॅथलिक शाळेत मूल्यशिक्षणाचा तास कसा घ्यावा

आधी वेळापत्रक तपासा. धर्मशिक्षण कॅथलिक मुलांसाठी असतं, मूल्यशिक्षण सगळ्या वर्गासाठी. दोन्ही तास एकच करू नका. सरकारमान्य शाळेत अल्पवयीन मुलाला धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवायचं तर पालकांची संमती लागते, हे राज्यघटनेच्या कलम २८(३) मध्येच आहे. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला गेली की उरलेल्यांना नुसतं बसवून ठेवणं ही नेहमीची चूक. 'आपली इथे गणती नाही' असं मुलांना वाटतं, मग फळ्यावर बंधुभाव लिहून काय उपयोग?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयीचा जाहीरनामा काढला. गरीब, घरच्या मायेला पारखी झालेली आणि ख्रिस्ती श्रद्धा नसलेली मुलं, या सगळ्यांची खास काळजी घ्या, असं त्यात सांगितलं आहे. मूल्य निवडताना ही मुलं डोळ्यांपुढे ठेवा.

महिन्याला एकच मूल्य पुरे. समजा सातवीचा वर्ग आहे, ३५ मिनिटांचा तास आहे आणि विषय आहे श्रमाचा मान. पहिली ५ मिनिटं एकच प्रश्न: शाळा झाडणाऱ्या मावशींचं नाव कोणाकोणाला माहीत आहे? उत्तर तुम्ही देऊ नका, शांतता पसरली तरी पसरू द्या. पुढची १५ मिनिटं चार-चार जणांचे गट करून डब्याच्या सुट्टीनंतर बाकाखाली काय काय पडतं आणि ते कोण उचलतं, याची यादी करायला लावा. मग ३ मिनिटं डोळे मिटून बसायचं. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांच्या आत्मपरीक्षणाच्या पद्धतीतले दोनच प्रश्न विचारा: आज मी कोणाचे आभार मानायला हवे होते? कुठे चुकलो? उत्तरं मोठ्यानं विचारू नका, नाहीतर मुलं तुम्हाला आवडेल तेच बोलतील.

उरलेल्या वेळात आठवड्याची कृती ठरवा. 'सगळ्यांशी चांगलं वागू' ही कृती नव्हे, ती दोन दिवसांत विरते. 'डबा खाल्ल्यावर आपल्या बाकाखालची जागा आपणच झाडायची' ही कृती. पुढच्या तासाची पहिली ५ मिनिटं तिचाच आढावा घ्या. मात्र वर्गात कोणालाही शिक्षा म्हणून झाडू देऊ नका. एकदा झाडू शिक्षेचा झाला की श्रमाचा मान संपला.

प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, गरिबांसाठी पैसे गोळा करताना बंद पेटी ठेवा. कोणी किती टाकले ते वाचून दाखवलं, की ज्याच्यासाठी गोळा करतोय तोच मुलगा वर्गात मान खाली घालून बसतो.